हिमात उभा राहिलेला ताड

ताड म्हटला की ऊन, वाळू आणि खारा वारा आठवतो. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या वाइट बेटावर, राणी व्हिक्टोरियाच्या ऑस्बर्न हाऊस या निवासाच्या बागेत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक ताड उघड्यावर लावला गेला. वर काचेचे छप्पर नव्हते, खाली कोळशाची भट्टी नव्हती. रोप आले होते चीनमधून. पाठवणारा माणूस त्या वेळी चीनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीसाठी चहाची रोपे गोळा करत फिरत होता. या एका झाडाच्या प्रवासात अफूचे युद्ध आहे, राजघराण्याची हौस आहे, वनस्पतिशास्त्रज्ञांचा गोंधळ आहे आणि अगदी अलीकडची एक सरकारी बंदीही आहे.

उत्तर युरोपला ताडाचा परिचय झाला तो धर्मग्रंथातून. येशूच्या यरुशलेम प्रवेशाच्या वेळी लोकांनी ताडाच्या झावळ्या हाती घेतल्या, म्हणून ईस्टरपूर्वीचा रविवार हा झावळ्यांचा रविवार. पण इंग्लंडात झावळी आणायची कोठून? खेडोपाडी लोक वाळुंजासारख्या विलो झाडाच्या लवदार कळ्यांच्या डहाळ्या घेऊन प्रार्थनेला जात आणि त्या डहाळ्यांनाच ‘पाम’ म्हणत. ज्यांनी आयुष्यात ताड पाहिला नाही, त्यांच्या बोलीत ताडाचे नाव असे दुसऱ्याच झाडावर जाऊन बसले होते.

स्वीडनचा लिनियस वनस्पतींची मांडणी करू लागला तेव्हा त्याने ताडवर्गाला ‘प्रिन्सिपीस’, म्हणजे वनस्पतींमधील राजेरजवाडे, असे म्हटले. हे राजे उष्ण प्रदेशाचे, हा समज मात्र पक्का होता.

वास्तविक युरोपचा स्वतःचा एक ठेंगणा ताड आहे. भूमध्य समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यांवर खडकाळ जमिनीत तो रानोमाळ वाढतो. शास्त्रीय नाव कॅमेरॉप्स ह्युमिलिस. इटलीतील पादुआचे वनस्पती उद्यान १५४५ सालचे. तेथे १५८५ मध्ये लावलेला असा एक ताड आजही जिवंत आहे. जर्मन कवी गटे १७८६ मध्ये तेथे गेला आणि या झाडाची पाने पाहत राहिला. कोवळे पान साधे, भाल्याच्या पात्यासारखे; वाढत्या पानांत ते चिरत जाऊन शेवटी पंखा होतो. वनस्पतीचे सारे अवयव एकाच मूळ रूपाची रूपांतरे असावीत, हा विचार त्याने १७९० मध्ये प्रसिद्ध केला. त्यामागे या ताडाचाही वाटा होता. झाडाला आज ‘गटेचा ताड’ म्हणतात. पादुआचा हिवाळा सोसावा म्हणून त्याच्याभोवती काचेचे घर उभारले आहे. म्हणजे युरोपच्या स्वतःच्या ताडालाही थोड्या उत्तरेला नेले की आडोसा द्यावा लागला.

त्यापुढच्या काळात आडोसा म्हणजे काच आणि वाफ असेच समीकरण झाले. लंडनजवळ हॅक्नी येथे लॉडिजिस कुटुंबाच्या रोपवाटिकेत वाफेने तापवलेल्या प्रचंड काचघरात ताडांचा संग्रह होता आणि तो पाहायला लोक गर्दी करत. १८४५ मध्ये ब्रिटिश सरकारने काचेवरील कर रद्द केला. त्याच सुमारास क्यू येथील राजोद्यानात ‘पाम हाऊस’चे काम चालू होते. १८४४ ते १८४८ या काळात डेसिमस बर्टन आणि लोखंडकामाचा जाणकार रिचर्ड टर्नर यांनी ही वास्तू उभी केली. लांबी सुमारे ३६० फूट, मधल्या घुमटाची उंची ६६ फूट. बॉयलर तळघरात. धुराने काच काळवंडू नये म्हणून धूर जमिनीखालच्या भुयारातून दूरच्या एका मनोऱ्यात नेऊन सोडायचा आणि कोळसाही त्याच भुयारातून आणायचा, अशी योजना. हे सारे कशासाठी, तर कोकणात परसात उभी असतात तसली झाडे लंडनच्या धुक्यात जगावीत म्हणून.

आणि पाम हाऊस पूर्ण झाले त्याच्या दुसऱ्याच वर्षी, १८४९ मध्ये, काचघराची गरज नसलेल्या ताडाची रोपे क्यूला येऊन पोहोचली.

खरे तर हा ताड युरोपात आधीच येऊन गेला होता. जपानमधील देजिमा या डच वखारीवर वैद्य म्हणून राहिलेल्या फिलिप फ्रान्झ फोन सिबोल्ड या जर्मन संशोधकाने १८३० मध्ये तो युरोपात आणला. पण ताड म्हणजे उष्ण प्रदेशाचे झाड या ठाम समजापायी त्याला काचघराच्या उबेत ठेवण्यात आले. त्याच्या जन्मभूमीत बर्फ पडते की नाही, याची चौकशी फारशी झाली नाही. झाड जगले, पण त्याचा खरा गुण कोणाच्या लक्षात आला नाही. नव्या मुलखातून आलेल्या वस्तूला आपल्या जुन्या खणात टाकून देण्याची ही सवय केवळ माळ्यांची नव्हे.

तो गुण ध्यानात यायला झाड त्याच्या मूळ भूमीत पाहणे आवश्यक होते, आणि चीनच्या अंतर्भागात परकीयांना प्रवेश नव्हता. ते दार उघडले अफूच्या युद्धाने. ब्रिटिश व्यापाऱ्यांची अफू चीनने रोखली, त्यातून १८३९ ते १८४२ हे युद्ध झाले. त्या अफूचा मोठा हिस्सा माळव्यातून येऊन मुंबई बंदरातून जहाजांवर चढत असे; त्या काळच्या मुंबईतील अनेक पेढ्यांच्या वैभवाचा पाया याच व्यापारात आहे. नानजिंगच्या तहानुसार चीनने पाच बंदरे खुली केली. यांगत्सेच्या मुखाजवळचे चुसान, म्हणजे आजचे झौशान, हे बेट १८४६ पर्यंत ब्रिटिश फौजेच्या ताब्यात राहिले.

१८४३ मध्ये लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीने रॉबर्ट फॉर्च्यून या स्कॉटिश माळ्याला चीनला धाडले. वय अवघे तिशीचे, हाती चिनी भाषा नाही, ओळखी नाहीत. चुसान बेटावर त्याला टेकड्यांच्या उतारांवर उंच, एकखोडी ताड दिसले. शेंड्याशी पंख्यासारख्या पानांचा झुबका, आणि खोडाभोवती तपकिरी, खरखरीत तंतूंचे दाट वेष्टन. उष्ण प्रदेशाच्या इतक्या उत्तरेला ताड हेच नवल. तेथील हिवाळ्यात दव गोठते, बर्फ पडते, आणि ते झाड उघड्यावर सारे सोसून उभे असते, हे त्याहून मोठे नवल.

चिनी शेतकऱ्याला त्यात नवल वाटण्याजोगे काहीच नव्हते. त्याच्या दृष्टीने ते घरचे उपयोगी झाड होते, आपल्याकडे माड असतो तसे. खोडावरचे वेष्टन थराथराने सोलून काढायचे आणि त्यापासून दोर वळायचे. हे दोर पाण्यात लवकर कुजत नाहीत, म्हणून गलबतांवर त्यांना मागणी. त्याच तंतूंचे ब्रश, केरसुण्या, अंथरुणाखालच्या जाळ्या. पावसाळ्यात शेतात काम करणारा माणूस याच तंतूंचा झगा अंगावर घेई. कोकणातला शेतकरी इरल्याखाली वाकून लावणी करतो, त्याच गरजेचे हे दुसरे उत्तर. जपानमध्ये या झाडाला ‘शुरो’ म्हणतात आणि तेथील बागांतील कुंपणे आजही त्याच्या काळपट दोराने बांधली जातात. शेकडो वर्षे लोकांनी ते इतके लावले आणि जोपासले की मुळात ते रानात नेमके कोठले, हे आता खात्रीने सांगणे अवघड झाले आहे.

फॉर्च्यूनने आपल्या प्रवासवर्णनात हे उपयोग नमूद केले. त्याला ही माहिती देणाऱ्या शेतकऱ्यांची नावे मात्र झाडाच्या इतिहासात कोठेही आली नाहीत.

१८४८ मध्ये फॉर्च्यून पुन्हा चीनला निघाला, या खेपेस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. काम होते चहाची उत्तम रोपे, बियाणे आणि शक्य झाल्यास कारागीर मिळवून हिंदुस्थानात पोहोचवणे. तहाने ठरवलेल्या बंदरांच्या बाहेर जाण्यास मनाई होती, म्हणून त्याने डोके भादरून घेतले, कृत्रिम वेणी जोडली, चिनी पोशाख चढवला आणि दूरच्या प्रांतातून आलेला गृहस्थ म्हणून तो अंतर्भागात शिरला. हे उघड उघड चौर्य होते. इंग्रजी पुस्तकांत ते पुष्कळ काळ साहस म्हणून सांगितले गेले.

रोपे समुद्रमार्गे जिवंत पोहोचत ती ‘वॉर्डच्या पेट्यां’मुळे. नॅथॅनियल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टरला १८२९ च्या सुमारास असे आढळले होते की झाकलेल्या काचेच्या बाटलीतील ओल्या मातीत नेच्याचे रोप आपोआप उगवून तगते. आतली ओल वाफ होऊन काचेवर जमते आणि पुन्हा मातीत उतरते. बाहेरून पाणी घालावे लागत नाही, खारे तुषार आत येत नाहीत. गोडे पाणी तोलून वापरणाऱ्या जहाजावर यापेक्षा मोठे वरदान नव्हते. अशाच पेट्यांतून चहाची हजारो रोपे कलकत्त्याला आणि तेथून सहारनपूरच्या उद्यानामार्फत गढवाल-कुमाऊंच्या मळ्यांत गेली. पुढे हिंदुस्थानच्या चहाचा खरा विस्तार आसामच्या स्वतःच्या चहाच्या जातीने केला, हा या उपद्व्यापावरचा इतिहासाचा शेरा.

चहाच्या या धामधुमीतच १८४९ मध्ये फॉर्च्यूनने चुसानच्या ताडाची काही रोपे क्यूचे संचालक सर विल्यम हूकर यांच्याकडे पाठवली. सोबत विनंती होती की एक रोप राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या ऑस्बर्न येथील बागेला द्यावे. विनंती चतुर होती. अल्बर्टने ते निवासस्थान थॉमस क्युबिटकडून इटालियन धाटणीचे बांधून घेतले होते, कारण समोरच्या समुद्रपट्टीत त्याला नेपल्सच्या आखाताची आठवण दिसे. इटालियन वाड्याला शोभेल असा, पण इंग्लंडच्या थंडीत तगेल असा ताड यापेक्षा अधिक कोठे खुलला असता?

क्यू आणि ऑस्बर्न येथील ताड हिवाळ्यामागून हिवाळा काढू लागले तसा जुना समज ढासळला. नावाचा घोळ मात्र अजून होता. थुनबर्ग या स्वीडिश वनस्पतिज्ञाने जपानमधील एका झाडाला दिलेले ‘कॅमेरॉप्स एक्सेल्सा’ हे नाव या ताडालाही लावले जात होते. वास्तविक थुनबर्गचे झाड वेगळे, आज कार्यालयांच्या कुंड्यांत दिसणारा झुडूपवजा रॅपिस पाम. १८६० मध्ये हूकरने चिनी ताडाला फॉर्च्यूनचे नाव दिले, आणि त्यानंतर लवकरच हानोव्हरच्या हेरेनहाउझेन उद्यानातील हर्मन वेंडलँडने त्याच्यासाठी ‘ट्रॅकिकार्पस’ हे नवे कुल स्थापले. ग्रीक शब्दांचा अर्थ खरबरीत फळ. अशा रीतीने झाड झाले ट्रॅकिकार्पस फॉर्च्यूनी.

थंडीत ताड मरतो कसा, हे पाहिल्याखेरीज या झाडाची थोरवी कळत नाही. आंबा वा ओक यांच्या सालीखाली वाढीचा एक सतत जिवंत थर असतो. फांदी गेली तर दुसरीकडून धुमारे फुटतात, खोडाची जखम भरते. ताडात तसा थर नाही. बहुतेक एकखोडी ताडांचा सारा जीव शेंड्यातील एका कोंबात असतो. तो गोठला वा कुजला की झाड संपले, मग खालचे खोड कितीही धडधाकट असो. कोंब कुजण्याचा रोग म्हणजे काय, हे कोकणातल्या माडवाल्याला सांगावे लागत नाही. इंग्लंडात तेच संकट थंडीच्या रूपाने येते: शेंड्यात पावसाचे पाणी साचते, रात्री ते गोठते, सकाळी वितळते, पुन्हा गोठते. नुसत्या कोरड्या गारठ्यापेक्षा हा ओला गारठा अधिक घातक.

चुसानचा ताड शून्याखाली १० ते १५ अंशांपर्यंतची थोड्या काळची थंडी काढू शकतो. त्याहून मोलाचा गुण असा की त्याला कडक उन्हाळा लागत नाही. खजूर नुसत्या हिवाळ्याने हरत नाही. इंग्लंडच्या मिळमिळीत उन्हाळ्यात त्याची वाढच भरत नाही. डोंगरउतारावरचा हा ताड थंड उन्हाळ्यातही संथपणे पान टाकत राहतो. अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे आणि पश्चिमेच्या वाऱ्यामुळे ब्रिटनचा किनारी हिवाळा त्याच्या अक्षांशाच्या मानाने सौम्य असतो, त्याचाही लाभ होतो. शत्रू उरतो तो वारा. तो मोठ्या पंख्यांच्या चिंध्या करतो, म्हणून जाणते माळी भिंतीच्या किंवा दाट झाडीच्या आडोशाला, पाणी न साचणाऱ्या जमिनीत त्याला जागा देतात, आणि कोवळ्या रोपाची पाने हिवाळ्यात वर बांधून कोंबाभोवती पेंढा भरतात.

थंडीतल्या ताडाचे नवल पाहायला चीनपर्यंत जाण्याचीही गरज नव्हती. कुमाऊंमध्ये पिथौरागढजवळच्या डोंगरांत, २,००० मीटरहून अधिक उंचीवर, हिवाळी बर्फात याच कुलातला ताड उभा असतो. इटालियन ताडतज्ज्ञ ओदोआर्दो बेकारी याने १९०५ मध्ये त्याला ‘ट्रॅकिकार्पस टाकिल’ हे नाव दिले. फॉर्च्यूनचा चिनी चहा ज्या कुमाऊंत रुजवला गेला, तेथल्याच रानात हिमात तगणारा हा ताड आधीपासून होता. आज तेथे त्याची संख्या फारच थोडी उरली आहे.

इंग्लंडात मात्र ताड ही नैऋत्य किनाऱ्याची ओळख झाली. कॉर्नवॉल आणि डेव्हनमधील जमीनदारांच्या दऱ्याखोऱ्यांतील बागांत तो आला, मग समुद्रकाठच्या फिरण्याच्या रस्त्यांवर. १९०४ मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने लंडनहून कॉर्नवॉलला जाणाऱ्या आपल्या गाडीला ‘कॉर्निश रिव्हिएरा’ हे नाव दिले. फ्रान्सला न जाताही रिव्हिएरा भेटेल, असे सुचवणारे. या स्वप्नाला चित्रात ताड हवाच होता. गंमत अशी की टॉर्कीच्या किनाऱ्यावर ज्या झाडाला ‘टॉर्बे पाम’ म्हणतात ते ताड नव्हेच. ते न्यूझीलंडचे कॉर्डिलीन, शतावरीच्या कुळातले. माओरी लोक त्याला ‘टी कोउका’ म्हणतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर प्लॉक्टन गावात पर्यटक ज्या ‘ताडां’ची छायाचित्रे काढतात तेही हेच. विलोच्या डहाळीला पाम म्हणणाऱ्या देशात हे फारसे विपरीत म्हणता येत नाही!

निसर्ग अधूनमधून हिशेब चुकता करतो. सिली बेटांवरील ट्रेस्को येथे ऑगस्टस स्मिथने १८३४ नंतर उभारलेली बाग ब्रिटनमधील उष्ण प्रदेशाच्या झाडांचे सर्वांत उबदार माहेर. जानेवारी १९८७ मध्ये तेथे अनपेक्षित हिमवर्षाव आणि गोठण झाले, नाजूक झाडांचा फार मोठा भाग मेला. जुन्या बागेची लागवड नव्याने उभी राहते न राहते तोच १९९० च्या वादळाने तिला आडोसा देणारी झाडी आडवी केली. डिसेंबर २०१० च्या थंडीने मुख्य भूमीवरची असंख्य कॉर्डिलीन झाडे मारली. चुसानचे ताड त्यातून बहुतांशी वाचले.

आल्प्सच्या दक्षिण उतारावर या कथेला वेगळेच वळण लागले. स्वित्झर्लंडच्या तिचिनो प्रांतात, माज्जोरे सरोवराकाठी, एकोणिसाव्या शतकात हॉटेले आणि बंगले उठले, आणि बागांतून चुसानचा ताड आला. लोकांना तो इतका आवडला की पोस्टकार्डांवर छापून छापून तो ‘तिचिनोचा ताड’ झाला. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. दोन्ही जवळपास असली की मादीला काळ्या-निळ्या फळांचे घोस लागतात, पक्षी ती खातात आणि बिया रानात टाकतात. पूर्वी ही रोपे हिवाळ्यात मरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोठणाऱ्या रात्री कमी होत गेल्या तशी ती तगू लागली, आणि लोकार्नोच्या परिसरातील चेस्टनटच्या रानात खालचा थर ताडांच्या गर्दीने भरू लागला. हिवाळ्यात पानगळीच्या रानात हिरवेगार ताड! संशोधकांनी २००७ मध्ये यावर प्रबंध लिहिला. बदलत्या हवामानाची ही त्यांना दिसलेली जिवंत खूण होती. मोठ्या झाडांच्या रोपांना सावलीत उगवायला जागा उरत नाही, आणि खोडाला लटकणारी वाळकी पाने वणव्याला इंधन पुरवतात.

ज्या झाडाच्या थंडी सोसण्याच्या गुणाचे ऑस्बर्नला कौतुक झाले, तोच गुण येथे तक्रारीचा विषय ठरला. आणि खोडावरचे वेष्टन सोलून दोर वळणारा हात त्याच्याबरोबर युरोपात कधी आलाच नव्हता. चीनमध्ये जे झाड दर वर्षी कामाला येई, त्याला येथे शोभेपलीकडे काही काम नव्हते.

१ सप्टेंबर २०२४ पासून स्वित्झर्लंडमध्ये या ताडाची विक्री, आयात आणि देवाणघेवाण यांवर बंदी आहे. बागेत आधीपासून उभे असलेले झाड मालकाला ठेवता येते. फळे पिकण्याआधी घोस कापून टाकावेत, असा सल्ला दिला जातो. त्याचे रोप शेजाऱ्याला भेट देता येत नाही.